रिकामं घर ओळखताना

कुलपाच्या भोकात कोळ्याचं जाळं असेल, तर त्या कुलपात बरेच दिवस किल्ली गेलेली नाही हे नक्की. उलट मात्र खरं नाही. जाळं नसलं म्हणून किल्ली रोज जाते असं म्हणता येत नाही, कारण जाळं वाऱ्यानेही तुटतं आणि गल्लीतल्या पोरांनी काडी घातली तरी तुटतं. म्हणून माझ्या वहीत जाळ्याला मी अर्धाच गुण ठेवला होता. मोरीला पूर्ण गुण. घरात माणूस असेल तर तो आंघोळ करतो, भांडी घासतो, आणि ते पाणी भिंतीबाहेर कुठेतरी येतंच. मोरीच्या तोंडाशी शेवाळ हिरवं आहे की काळं पडून सुटलंय, ते मी आधी बघायची.

हे मला कुणी शिकवलं नाही. सुरतेत घरावर कर्ज देणाऱ्या एका कंपनीत मी जवळजवळ वीस वर्षं काढली. आधी टेबलावर कागद तपासले आणि नंतरची बरीच वर्षं पाहणी केली. हप्ते थकले, पाठवलेली पत्रं परत आली, फोन बंद लागायला लागला, की ती फाइल माझ्याकडे यायची. मी स्कूटर काढायची, पत्ता शोधायचा आणि त्या घरात कुणी राहतं की लोक ते टाकून गेलेत, हे पाहून यायचं. वसुलीची माणसं वेगळी, वकील वेगळे. मला फक्त दोन चौकोनांपैकी एकात खूण करायची असे, ‘वापरात’ किंवा ‘रिकामे’. खाली माझी सही, एका शेजाऱ्याचं नाव आणि दोन फोटो.

ऐकायला हे सोपं वाटतं. पण त्या खुणेवर पुढचं सगळं ठरतं. घरात माणसं राहत असतील तर नोटीस त्यांच्या हातात द्यावी लागते, आणि ती आपणहून निघाली नाहीत तर सरकारी हुकूम आणल्याशिवाय त्यांना बाहेर काढता येत नाही. त्यात महिने जातात. त्या महिन्यांत लोक हातपाय हलवतात. कुणी दागिना मोडतं, कुणी मेहुण्याचे पाय धरतं. अशी वाचलेली बरीच घरं मी पाहिली आहेत. घर रिकामं असेल तर मात्र नोटीस दारावर चिकटवायची, फोटो काढायचा, दोन पंच उभे करायचे आणि आपलं कुलूप ठोकायचं. कंपनीला घाई असते ती विनाकारण नाही. सोडून दिलेल्या घराचे आधी नळ जातात, मग खिडक्या, आणि शेवटी त्यात भलतंच कुणीतरी येऊन राहतं. थोडक्यात, माझी एक खूण म्हणजे समोरच्याचे काही महिने. हे कळलं त्या आठवड्यात मी वही केली.

वहीत एकोणीस खुणा होत्या. विजेचं मीटर फिरतं का, आणि फिरत असेल तर माणसांसाठी की नुसत्या फ्रिजसाठी. दोरीवर कपडे आहेत का, आणि ते गेल्या खेपेचेच तर नाहीत ना. ओट्यावर गॅसची टाकी दिसते का. खिडकीतून कॅलेंडर दिसलं तर पान कुठल्या महिन्याचं आहे. दूधवाला, इस्त्रीवाला आणि कोपऱ्यावरचा किराणावाला काय म्हणतात. शेजारी काय म्हणतात, याला सगळ्यांत जास्त म्हणजे तीन गुण. ऑफिसात सगळे माझ्या वहीला ‘सुनंदाबेननी परीक्षा’ म्हणून हसायचे. आमचे मॅनेजर मेहुलभाई माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. ते म्हणायचे, “बेन, ताळुं छे तो बंध छे. एमां मार्क शेना?” कुलूप आहे म्हणजे बंद, गुण कसले देता, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांना भेस्तानची गोष्ट सांगायची.

भेस्तानला एका घराला बाहेरून भलंमोठं कुलूप होतं. खिडक्या बंद, दोरी रिकामी. मोरी मात्र ओली. मी दोनदा गेले, दोन्ही वेळा भर दुपारी, दोन्ही वेळा कुलूप. दुसऱ्या वेळी मी दार जोरात वाजवलं तेव्हा आतून झोपेतला आवाज आला, “कौन है भाई? सोने दो ना!”

“दरवाजा खोलो.”

“कैसे खोलें? चाबी तो दिनवालों के पास है.”

आत नऊ माणसं झोपली होती. रात्रपाळीची. दिवसपाळीची नऊ माणसं कामावर जाताना बाहेरून कुलूप लावून जायची, म्हणजे यांची झोप कुणी मोडू नये. संध्याकाळी ती आली की हे उठून निघायचे, आणि तेच कुलूप पुन्हा लागायचं. मूळ मालक घर त्यांना देऊन ओडिशाला निघून गेला होता. मी ‘वापरात’वर खूण केली आणि शेरा लिहिला: ‘अठरा व्यक्ती, कुलूपबंद’. मेहुलभाईंनी तो शेरा साऱ्या ऑफिसला वाचून दाखवला.

उलटंही झालं. एका घरी रोज तुळशीला पाणी, उंबऱ्यावर रांगोळी, सगळं कसं नांदतं. माणसं मात्र वर्षापूर्वीच गेली होती. समोरच्या घरातली एक म्हातारी बाई रोज सकाळी येऊन हे करून जायची. “डोळ्यांसमोर तुळस वाळलेली बघवत नाही,” म्हणाली. तेव्हापासून तुळस माझ्या वहीतून बाद झाली.

अशा गोष्टी जमत गेल्या तसा माझा स्वतःवर विश्वास बसत गेला. त्यातून एक समज तयार झाला, तो मी कुठे लिहिला नव्हता, पण सगळ्या खुणांच्या वर तोच होता. आम्ही मूळचे अमळनेरकडचे. वडील गिरणीत आले म्हणून सुरतेचे झालो. माझं शिक्षण महापालिकेच्या मराठी शाळेत, बाजार गुजरातीत, ऑफिस हिंदीत आणि घर अहिराणीत. डिंडोली, नवागाम भागात मी पाहणीला गेले की सरळ अहिराणीत बोलायची. लोकांचे चेहरे सैल पडायचे. मॅनेजरशी, पोलिसाशी, डॉक्टरशी माणूस खोटं बोलतो, पण घरच्या बोलीत विचारलं तर खरंच सांगतो, असं मला वाटायचं. खानदेशी वस्तीतल्या फाइली म्हणूनच माझ्याकडे यायच्या आणि मला त्याचा अभिमान होता.

भटूभाऊंची फाइल अशीच आली. डिंडोलीतलं रो-हाउस, खाली एक खोली आणि स्वयंपाकघर, वर एक खोली. भटूभाऊ आणि त्यांची बायको विमलबाई यांच्या नावावर कर्ज. भटूभाऊ लूमवर होते, मग किडनीचं दुखणं लागलं, हप्ते थांबले. पहिली नोटीस ते आजारी असतानाच पोस्टाने जाऊन पोचली होती. नंतर फोन बंद. मी गेले तेव्हा थंडीचे दिवस होते.

कुलपावर धूळ, भोकात जाळं. मोरी कोरडी. मीटर थांबलेलं. खिडकीच्या फटीतून दिसलं, ओटा मोकळा, टाकी नाही, रोजची भांडी नाहीत. आत एक कपाट आणि एक खाट तेवढी उभी. दाराच्या कडीत एक वाळलेली काटेरी फांदी अडकवली होती आणि तिला लाल दोरा गुंडाळला होता. मी वहीत लिहिलं, ‘दाराला काटे, बहुधा कुत्र्यांसाठी’.

डाव्या बाजूला ओडिशाचे भाडेकरू होते. ते म्हणाले, “महीना डेढ़ महीना हो गया, कोई नहीं आता.” उजव्या बाजूच्या ओट्यावर एक बाई मांडीवर साडी घेऊन तिचे लोंबते दोरे कापत बसल्या होत्या. शेजारी साड्यांचा गठ्ठा. नाव पुष्पाबाई, हे मला नंतर कळलं. मी हेल्मेट काढलं आणि अहिराणीत विचारलं, “मावशी, भटूभाऊ अठेच राहतस ना?”

त्यांनी माझ्या फाइलकडे पाहिलं, मग तोंडाकडे. “तू कोठली वं?”

“अमळनेरकडली.”

“मंग उभी कसाले? बैस. चहा मांडस.”

चहा आला. चांगला, आलं घातलेला. मी विचारलं, “भटूभाऊना घरना लोक कोठे गयात?”

“गयात त्या गावले. बिऱ्हाड लई गयात,” पुष्पाबाई कात्री न थांबवता म्हणाल्या. “आते काय येतीन?”

“नंबर शे का कोना?”

“नही माय.”

मी त्यांचं नाव विचारलं. त्यांनी सांगितलं. रिपोर्टच्या दुसऱ्या पानावर ‘शेजाऱ्याकडून खात्री’ या ओळीपुढे मी ते लिहिलं, त्यांनी त्याखाली सही केली आणि मला ओट्यावरून हात हलवून निरोप दिला. एकोणीसपैकी सतरा खुणा रिकाम्याच्या बाजूने. इतका स्वच्छ रिपोर्ट मी कित्येक महिन्यांत दिला नव्हता. मी ‘रिकामे’वर खूण केली.

पुढचं माझ्याशिवाय झालं. आमच्या माणसांनी दारावर नोटीस चिकटवली, कंपनीचं कुलूप लावलं, पेपरात जाहिरात दिली. थंडी सरली, होळी झाली. घर लिलावाला लागलं.

लिलावाच्या दिवशी रात्री मी जेवताना फोनवर त्या महिन्यातल्या घरांचे फोटो पाहत होते. कोणतं घर गेलं, कोणतं राहिलं, याची यादी मला करायची होती. शेजारी आई बसली होती. तिला फोटो बघायला आवडतात, कुठलेही.

“हाई कोनं घर शे?”

“डिंडोलीनं. रिकामं शे.”

“रिकामं कसं? दारले बोरनी फांदी बांधेल शे नं.”

“कुत्रं येवू नही म्हनीसन.”

आईने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी शाळेत नापास झाल्यावर पाहिलं होतं. “आवं, तठे माणूस मरेल शे. नखतरवर गया व्हई. घर बंद ठेयेल शे त्यासनी. तुले इतलं बी समजत नही?”

ज्यांना ही रीत ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. काही नक्षत्रांवर घरात माणूस गेला, तर ते घर काही महिने सोडून द्यायचं असतं. भटजी पंचांग पाहून मुदत सांगतात, कुणाला तीन महिने, कुणाला सहा. रोजचं सामान घेऊन माणसं दुसरीकडे राहायला जातात. दाराला बोरीचे काटे लावतात. मुदत संपेपर्यंत घरचं कुणी त्या दाराकडे फिरकत नाही. मुदत संपली की शांत करायची, काटे काढायचे, आणि घर पुन्हा आपलं. सगळेच पाळतात असं नाही, पण पाळणारे फार काटेकोर पाळतात. आईने आठवण करून दिली की मी सहा वर्षांची असताना आम्हीही असेच तीन महिने मामाच्या खोलीत राहिलो होतो, आजोबा गेले तेव्हा. मला ती सुट्टी म्हणून आठवत होती.

आईने ज्या दिवशी फोटो ओळखला त्याच दिवशी दुपारी घर विकलं गेलं होतं.

दुसऱ्या सकाळी मी ऑफिसला न जाता डिंडोलीला गेले. पुष्पाबाई दोरेच कापत होत्या. मी बसले नाही. “मावशी, भटूभाऊ वारनात का?”

त्यांनी कात्री खाली ठेवली. “तू वसुलीवाली शे का नही, ते आधी सांग.”

“वसुलीवाली नही. पन कंपनीनीच शे.”

मग त्या बोलल्या. माझ्या आधी दोन तरुण वसुलीला आले होते. गल्लीत उभं राहून ओरडून गेले. तेव्हा भटूभाऊंना जाऊन पंधरा दिवसही झाले नव्हते. त्या दिवशी पुष्पाबाईंनी मनाशी ठरवलं, की यापुढे कुणीही आलं तरी एकच सांगायचं, गावाला गेले, येत नाहीत. विमलबाईंना त्यांनी यातलं काही कळू दिलं नव्हतं. “तिना माथावर आधीच इतलं व्हतं,” म्हणाल्या. “मी म्हनं, कागदवाला थकतीन आन येवानं सोडी देतीन.”

त्या माझ्याशी खोटं बोलल्या, तेही अहिराणीत, तेही चहा पाजून. आणि मी त्या खोट्याला तीन गुण दिले.

“विमलबाई कोठे शे आते?”

“अठेच. नवागामले. दहा मिनिट लागतस.”

नवागामला एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावरची खोली. विमलबाई पन्नाशीच्या, माझ्याच वयाच्या. मुलगा योगेश नुकताच पाळी करून आला होता. मी लिलावाचं सांगितलं. सरळ सांगितलं, दुसरं कसं सांगणार? विमलबाई भिंतीला टेकून खाली बसल्या. योगेश उभाच राहिला.

“पण आम्ही कुठे गेलो होतो, मॅडम? इथेच तर होतो.”

“नोटीस दारावर लावली होती.”

“दाराकडे कोण जाणार? सहा महिने जायचंच नाही ना. आई तर त्या गल्लीतूनसुद्धा जात नाही. भाजी आणायला लांबून वळसा घालते.”

“पेपरातही आली होती.”

“गुजराती पेपर? तो आमच्याकडे कोण वाचतं? सुनो, मॅडम, गावच्या जमिनीचा सौदा झालाय. पप्पांचा हिस्सा. काकांनी सही केली. फक्त मोजणी राहिलीय. दोन महिने, फार तर अडीच. सगळे हप्ते एकदम भरणार होतो. घराची मुदत संपली की कंपनीत येणारच होतो मी.”

दोन महिने, फार तर अडीच. घरात माणसं आहेत असं माझ्या रिपोर्टात असतं, तर हे दोन महिने त्यांना आरामात मिळाले असते. मी म्हणाले, “पाहणीत चूक झाली.” कोणाकडून झाली ते म्हणाले नाही.

मेहुलभाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं. माणूस वाईट नाही. त्यांनी फाइल उघडली, माझ्याकडे फिरवली आणि माझ्या खुणेवर बोट ठेवलं. “सुनंदाबेन, हराजी थई गई. पार्टीए पैसा भरी दीधा. आ रिपोर्ट तमारो ज छे ने?” लिलाव झाला, घेणाऱ्याने पैसेही भरले, आणि रिपोर्ट तर तुमचाच, असं त्यांचं म्हणणं.

“म्हणूनच सांगते. माझाच चुकलाय.”

“तो बीजो लखो. फाइलमां मूकी दईश.”

मी दुसरा रिपोर्ट लिहिला. कुटुंबात मृत्यू झाला आहे, रूढीप्रमाणे घर काही महिने बंद आहे, कुटुंब जवळच राहते, घर सोडलेले नाही, आधीची नोंद चुकीची. मेहुलभाईंनी शब्द पाळला. तो पहिल्या रिपोर्टच्या मागे लावला. वरच्या ऑफिसलाही मी पाठवला. तिथून पोच आली, उत्तर आलं नाही.

आता जे लिहिणार आहे, ते मी आजवर घरीही सांगितलेलं नाही. योगेश एका वकिलाकडे गेला. वकील म्हणाला, दाद मागता येईल, पण अहमदाबादला जावं लागेल, आणि विक्री थांबवायची तर बहुतेक रक्कम आधी भरायला सांगतील. हां, नोटीसच नीट पोचली नाही असं दाखवता आलं तर गोष्ट वेगळी. कंपनीच्याच कागदात तसं काही असेल तर फारच बरं.

योगेशने मला फोन केला. “मॅडम, तुमच्या फाइलीत असं काही आहे का?”

दुसरा रिपोर्ट माझ्या ड्रॉवरमध्ये होता, माझी प्रत. मी म्हणाले, “बघते.”

मी बघितलं नाही. बघायचं काय होतं? कंपनीचा कागद बाहेर दिला तर नोकरी जाते, हे नेमणुकीच्या पत्रातच लिहिलेलं असतं. माझ्या मुलीचं कॉलेज चालू होतं. प्रत देण्याविरुद्ध कारणं मी वहीच्या मागच्या पानावर लिहून काढली, सात झाली. देण्याच्या बाजूने एकच होतं. योगेशने आणखी दोनदा फोन केला. त्यानंतर केला नाही.

घराचा ताबा नव्या मालकाला द्यायचा दिवस ठरला, तो एक सोमवार होता. भटूभाऊंच्या घराची मुदत त्याच आठवड्यात गुरुवारी संपत होती. मला सामानाची यादी करायला पाठवलं होतं. गल्लीच्या तोंडाशी विमलबाई उभ्या होत्या, सोबत योगेश. तिथून पुढे त्या एक पाऊल यायला तयार नव्हत्या. आमचे ताबा अधिकारी त्यांना समजावत होते, की आत या, आपलं कपाट, खाट ओळखा, घेऊन जा.

“तीन दिन दो, साहेब,” विमलबाई म्हणाल्या. “मग तुम्ही म्हणाल ते.”

“बाई, तारीख पक्की आहे. तीन दिवसांनी काय होणार?”

“शांत करायची आहे. तोवर मला आत जाता येत नाही.”

अधिकारी माझ्याकडे वळले. मी म्हणाले, तीन दिवस द्यायला हरकत नाही. ते म्हणाले, तुम्ही यादी करा.

तेवढ्यात नवा मालक आला. कांतिभाई, भरतकामाच्या मशीनवर मजुरीचं काम करणारा साधा माणूस, हातात नारळ. त्याने दारावरची फांदी पाहिली आणि थबकला. “आ शुं छे?”

योगेशने त्याला गुजरातीत सांगितलं. कांतिभाईने नारळ पिशवीत परत ठेवला. “गुरुवार पछी,” तो अधिकाऱ्यांना म्हणाला. “शुक्रवारे आपजो. मारे नाना छोकरां छे.”

अधिकारी लगेच म्हणाले, “शुक्रवार ना? शुक्रवार. त्यात काय!”

विमलबाई हे सगळं लांबून बघत होत्या. त्यांना हवे होते ते तीन दिवस मिळाले. फक्त ते त्यांना कुणी दिले नव्हते.

शुक्रवारी सकाळी मी गेले तेव्हा कंपनीचं कुलूप निघालं होतं, काटे निघाले होते. खालच्या खोलीत भटजी बसले होते. विमलबाईंनी भिंती झाडल्या होत्या, फरशी धुतली होती. मोरी ओली होती. स्वयंपाकघरात नवागामहून आणलेली टाकी लावली होती आणि तिच्यावर वरणाचं पातेलं उकळत होतं. मला कळेना, ज्या घरातून दुपारी निघायचं, ते धुवायचं कशाला? शांत तरी कशाला? भटजींची दक्षिणा, सहा-सात माणसांचं जेवण, एवढा खर्च. व्यवहारी बाई मी, न राहवून विचारलंच.

विमलबाई वरण ढवळत म्हणाल्या, “ताई, त्याची पोरं लहान आहेत म्हणे. घर तसंच कसं द्यायचं?”

मग म्हणाल्या, “बसा, ताट केलंय तुमचं.”

मी नाही म्हणू शकले नाही. त्या घरात बसून मी वरण, भात, भाजी, पोळी जेवले. पंगतीत भटजी, योगेश, ओडिशाचे दोघे भाडेकरू, पुष्पाबाई आणि मी. पुष्पाबाईंनी एकही घास धड खाल्ला नाही. जेवण झालं, विमलबाईंनी पुन्हा ओटा पुसला. मग मी पिशवीतून कागद काढला आणि लिहायला लागले. लोखंडी कपाट एक. खाट एक. पितळी हंडा एक. भिंतीवरचा फोटो एक, तो विमलबाईंनी आधीच पदरात घेतला होता, म्हणून खोडला. वहीत मी तेव्हा विसावी ओळ घातली होती, ‘घरात अलीकडे कुणी गेलं का, हे आधी विचारणे’. ती नंतर दोन घरांच्या उपयोगी पडली. या घराला तिचा काही उपयोग नव्हता.

टेम्पो भरला. कांतिभाईने सही केली, किल्ली घेतली. मी स्कूटरकडे निघाले तर पुष्पाबाईंनी मला त्यांच्या ओट्याच्या आडोशाला ओढलं.

“पोरी, एक विचारस. खरं सांगजो. मन्हा शब्दवरथीन गयं का हाई घर? कागदवर मी सही करी व्हती ना.”

रिपोर्टचं दुसरं पान माझ्या पिशवीतल्या फाइलीतच होतं. त्यांचं नाव माझ्या अक्षरात, खाली त्यांची सही.

“नही मावशी,” मी म्हणाले. “तो कागद गया. तुमनं नाव कोठेच नही.”

त्यांनी डोळ्यांना पदर लावला. “मंग विमलले तू सांग. मी सांगसू तर तिले पटाव नही. ती माले काहीच म्हनत नही, तेच माले सहन व्हत नही.”

विमलबाई टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसल्या होत्या, मांडीवर फोटो. योगेश मागे सामानावर. मी खिडकीपाशी गेले आणि घाईघाईत सांगून टाकलं, की पुष्पाबाईंच्या मनाला लागलंय, पण त्यांच्यामुळे काही झालेलं नाही, कंपनीच्या कागदावर त्यांचं नाव नाही.

विमलबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मराठीत बोलायच्या त्या माझ्याशी, पाहुण्यांशी बोलतात तसं. आता मात्र अहिराणीत विचारलं.

“मंग कोनं शे?”

“मन्हं,” मी म्हणाले.

त्या जराशा सरकल्या, दार लागत नव्हतं ते नीट ओढून घेतलं आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, “चलो भाई.”